पाळी जाता जाता बीपी कुठून आलं?

रानजाई | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय.

वय ४९. गेलं वर्षभर पाळी मनाला येईल तशी. कधी पंधरा दिवसांत हजर, कधी तीन महिने पत्ता नाही. मला आकडे लिहून ठेवायची खोड आहे, त्यामुळे घरात एक वही आहे. त्या वहीत ४६व्या वर्षी बीपी ११२/७२ आणि एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, १०८. यंदा बीपी १३४/८६, एलडीएल १३३. वजन जेमतेम दीड किलोनं वाढलंय, पण कमरेचा घेर चार सेंटिमीटरनं.

या तीन वर्षांत मी काहीही बदललेलं नाही. रोज अर्धा तास चालणं तेव्हाही होतं, आताही आहे. जेवण तेच, झोपायची वेळ तीच. तपासणीला गेले तर "वय झालं की होतंच, मीठ कमी करा" एवढं ऐकून सात मिनिटांत बाहेर. पाळीबद्दल एकही प्रश्न नाही.

मला विचारायचंय ते असं: हे नुसतं वय आहे की पाळी जाण्याचा यात हात आहे? आणि हात असेल तर आपल्या हातात काय आहे?

गुलबक्षी | सोमवार, रात्री १०:३०

अगं, मीच लिहिलंय की काय असं वाटलं. फक्त माझ्याकडे वही नाही. वाचतेय.

तिरकस | सोमवार, रात्री ११:०५

आमच्या आज्यांनाही पाळी गेलीच होती. त्यांनी कुठे एलडीएल मोजलं? हल्ली प्रत्येक गोष्टीचा आजार करायची फॅशन आलीय.

नाडी_बघते | मंगळवार, सकाळी ६:५०

रानजाई, ती वही पुढच्या वेळी दवाखान्यात घेऊन जा. ती बघून डॉक्टर सात मिनिटांऐवजी नऊ तरी देतील. मी फिजिशियन आहे, पण इथे कुणाचं निदान करणार नाही, फक्त यंत्रणा सांगते.

धमनीच्या आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. अस्तर म्हटलं की गुळगुळीत रंग दिल्यासारखं वाटतं, पण ते कामसू आहे. रक्ताचा वेग वाढला की ते ओळखतं आणि नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. त्यानं बाहेरचा स्नायू सैलावतो आणि नळी रुंदावते. अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन या वायूच्या कारखान्याला सतत चालना देत असतं. शिवाय यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारी जी 'दारं' असतात, त्यांची संख्याही इस्ट्रोजेनमुळे जास्त राहते. इस्ट्रोजेन ओसरलं की वायू कमी होतो, दारंही कमी होतात. एलडीएल रक्तातच रेंगाळतं.

तू काही बदललं नाहीस हे खरंच आहे. पण इतकी वर्षं तू सपाटीवर चालत होतीस, आता चढ लागलाय. पावलं तेवढीच टाकली तर अंतर कमी पडणारच.

नुसतं वय की पाळी, याचं बरंचसं उत्तर अमेरिकेतल्या 'स्वान' अभ्यासातून मिळालंय. १९९६ साली सुरू झाला, ४२ ते ५२ वयाच्या ३,३०२ बायका, आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षं तपासण्या. त्यात दिसलं की एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल यांची उडी शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरातच बसते. वयाबरोबर संथ चढत जाणारी रेघ नाही ती, पायरी आहे. धमन्यांच्या ताठरपणाचंही तसंच. शेवटच्या पाळीच्या वर्षभर आधीपर्यंत वाढ सुमारे १ टक्का, आणि आगेमागच्या त्या वर्षात सुमारे ७.५ टक्के.

बीपीबद्दल मात्र हात आखडता घेते. त्याच अभ्यासात बीपी मुख्यतः वयाच्या रेघेनं चढताना दिसलं. त्यामुळे तुझं एलडीएल पाळीच्या खात्यावर टाकायला माझी हरकत नाही, बीपी सगळंच्या सगळं तिथे टाकता येणार नाही. झोप, घेर, घरची आनुवंशिकता, सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

नाडी_बघते | मंगळवार, सकाळी ७:०२

तिरकस, आज्यांनी मोजलं नाही म्हणून त्यांना झालं नाही असं नाही. "रात्री झोपली ती उठलीच नाही" असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यातल्या कितीजणींचं हृदय होतं हे कुणी पाहिलं? आणि आता पाळी गेल्यावर तीस-तीस वर्षं जगायचं असतं. पाळी जाणं हा आजार नाही हे तुमचं म्हणणं मान्य. रक्तवाहिन्या हा तेव्हा बघून घ्यायचा हिशोब आहे, एवढंच.

खडूफळा | मंगळवार, दुपारी ४:१५

त्या वायूची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, निवृत्त मास्तराची खोड समजा.

रॉबर्ट फर्चगॉट नावाचे संशोधक सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन प्रयोग करत. असिटिलकोलीन नावाचं रसायन टाकलं की तुकडा कधी आकसे, कधी सैलावे. एकच औषध, एकच ऊती, उलटे निकाल. शेवटी लक्षात आलं की तुकडे कापताना आतली बाजू घासली गेली तर अस्तर निघून जातं, आणि अस्तर गेलं की तुकडा सैलावत नाही. म्हणजे सैल करणारा निरोप अस्तराकडून येतो! हे १९८०मध्ये छापून आलं. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे नंतर उलगडलं, आणि १९९८चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना मिळालं.

अवांतर: आल्फ्रेड नोबेल यांची बरीचशी दौलत नायट्रोग्लिसरीनच्या सुरुंगांवर उभी होती, आणि उतारवयात त्यांच्या हृदयासाठी डॉक्टरांनी तेच नायट्रोग्लिसरीन सुचवलं होतं. ते शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइडच देतं. अजूनही छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी तीच.

गुलबक्षी | मंगळवार, दुपारी ४:४०

खडूफळा काका, शाळेत तुम्ही असता तर मी विज्ञान सोडलं नसतं.

सांजवेळ | मंगळवार, रात्री ९:२०

हे अस्तर बरं आहे की नाही ते मोजता येतं का? रक्ततपासणी वगैरे?

नाडी_बघते | मंगळवार, रात्री १०:१०

मोजतात, पण प्रयोगशाळेत. कोपराखाली हातावर पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त थांबवायचं, मग एकदम सोडायचं. रक्ताचा लोंढा येतो. दंडातली धमनी त्या लोंढ्याला किती रुंदावून वाट देते ते सोनोग्राफीनं बघायचं. निरोगी धमनी ऐसपैस होते, बिघडलेली तशीच मख्ख. १९९४ साली याच पद्धतीनं निरोगी माणसं तपासली तेव्हा पुरुषांत ही क्षमता चाळिशीनंतर घसरू लागलेली दिसली. बायकांत ती पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत टिकली आणि मग घसरली ती पुरुषांच्या दुपटीहून जास्त वेगानं.

पण ही तपासणी कुणी करून घेऊ नका. खर्च होईल, आणि हाती आलेल्या आकड्याचं काय करायचं ते कुणी सांगू शकणार नाही. बीपी, लिपिड (रक्तातली चरबी), साखर, कमरेचा घेर, एवढ्यावर बहुतेक निर्णय होतात. जमल्यास आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए, हा एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीकण. ते मुख्यतः जन्मजात ठरतं, जीवनशैलीनं फारसं हलत नाही. पण जास्त असेल तर बाकीच्या गोष्टींत ढिलाई परवडत नाही.

कोपऱ्यातला | बुधवार, सकाळी ८:०५

मी नवरा आहे. घाबरत घाबरत विचारतो, इथे लिहिलं तर चालेल का? आमच्याकडे रात्री पंखा पाचवर, दोन मिनिटांनी एकवर, परत पाचवर. ही रात्रभर जागी, त्यामुळे मीही. या गरम वाफांचा रक्तवाहिन्यांशी काही संबंध असतो का?

रानजाई | बुधवार, सकाळी ८:३०

लिहा हो, उलट बरं वाटलं. पंख्याचं बटण तिच्या बाजूला द्या, निम्मा तंटा मिटेल.

नाडी_बघते | बुधवार, दुपारी १:४५

संबंध आहे, पण नेमका कसा ते समजून घ्या. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र असतं. इस्ट्रोजेन घसरलं की ते हळवं होतं. अंग एवढंसं तापलं तरी "उष्णता बाहेर टाका" असा हुकूम सुटतो. कातडीतल्या वाहिन्या धाडकन उघडतात, घाम फुटतो. म्हणजे वाफ हा स्वतःच एक वाहिन्यांचा खेळ आहे. स्वानमध्ये ज्यांना वाफा वारंवार आणि दीर्घकाळ येत होत्या त्यांच्यात पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाणही जास्त आढळलं. वाफांमुळे धमन्या बिघडतात, की धमन्या आधीच कुरकुरत असतात म्हणून वाफा जास्त येतात, याचा निवाडा यातून होत नाही.

मला जास्त काळजी झोपेची वाटते. एरवी रात्री बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतं. धमन्यांची ती सुट्टीची वेळ. रात्रभर दचकून उठणाऱ्या बाईला ती सुट्टी मिळत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनची हृदयासाठी सात गोष्टींची यादी होती, २०२२ साली तिच्यात झोप ही आठवी घातली: मोठ्यांसाठी ७ ते ९ तास. आणि एक, पाळी गेल्यावर बायकांत झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण वाढतं. घोरणं नवीन सुरू झालं असेल, सकाळी डोकं जड असेल, तर "थकवा असेल" म्हणून सोडू नका.

अर्धाकप | बुधवार, रात्री १०:५५

माझं वेगळं आहे. ३८व्या वर्षी शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशयं काढली. पाळी 'जाता जाता' वगैरे काही नाही, एका दुपारी बंद. आता ४४. मला कुणीही हृदय, धमन्या हा विषय काढलेला आठवत नाही. टाके बरे झाले, घरी जा.

नाडी_बघते | बुधवार, रात्री ११:३०

अर्धाकप, तुझा प्रतिसाद वाचून उद्यावर ढकलवेना.

पाळी चाळिशीच्या आत गेली, आपोआप किंवा शस्त्रक्रियेनं, तर हृदयाचा धोका इतरांपेक्षा जास्त धरला जातो. ४० ते ४५मध्ये गेली तरी थोडा जास्त. अंडाशयं काढल्यावर इस्ट्रोजेन एका झटक्यात शून्याकडे जातं, धमन्यांना जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. अशा बायकांना, काही मनाई नसेल तर, पाळी एरवी ज्या वयात गेली असती त्या वयापर्यंत हार्मोन देण्याची शिफारस असते. हौस म्हणून नव्हे. जे अकाली गेलं ते भरून काढायचं म्हणून. मनाई कुणाला? स्तनाचा कर्करोग झालेला, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात झालेला, यकृताचा सक्रिय आजार असलेली. शस्त्रक्रिया कशासाठी झाली यावरही खूप अवलंबून आहे. ते इथे लिहू नकोस, पण या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घे आणि थेट विचार. हाडांचंही विचार.

अर्धाकप | बुधवार, रात्री ११:४८

घेते. थँक्यू. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी "कशासाठी" ते समजावलं.

मोरपीस | गुरुवार, सकाळी ९:१०

हार्मोनचा विषय निघालाच आहे तर, ते घेतल्यानं हार्ट अटॅक येतो असं वाचलं होतं. माझ्या मावशीनं २००२ की २००३ साली भीतीनं एका रात्रीत बंद केलं होतं. आणि आता ऐकते की हार्मोन हृदयाला चांगलं. नक्की खरं काय?

नाडी_बघते | गुरुवार, रात्री ९:००

दोन्ही अर्धवट. जरा लांब होईल.

नव्वदच्या दशकापर्यंत समज असा की इस्ट्रोजेन धमन्यांना चांगलं, मग गोळी दिली की हृदय वाचेल. तर्काला धरून होतं. १९९८मध्ये 'हर्स' चाचणी आली: आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायका. फायदा नाही, उलट पहिल्या वर्षात हृदयाचे झटके जास्त. मग जुलै २००२मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मधला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा (प्रोजेस्टिन म्हणजे जोडीला दिलं जाणारं दुसरं हार्मोन) भाग मुदतीआधी थांबवला, १६,६०८ बायकांचा. जगभर मथळे झाले. तुझ्या मावशीसारख्या लाखोंनी गोळ्या टाकून दिल्या.

मथळ्यांखालचे आकडे असे: दर १०,००० बायकांमागे वर्षाला हृदयाच्या ७ घटना जास्त, पक्षाघात ८ जास्त, फुप्फुसातल्या गुठळ्या ८ जास्त, स्तनाचे कर्करोग ८ जास्त. मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ कमी, खुब्याची हाडं मोडणं ५ कमी. आणि कळीची गोष्ट, या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक लोटलेलं.

म्हणून प्रश्न पडला की वेळ चुकली का? २०१६ साली 'एलिट' चाचणीचे निकाल आले, ६४३ बायका, दोन गट. पाळी जाऊन ६ वर्षं झाली नाहीत त्यांच्यात इस्ट्रोजेननं मानेच्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. १० वर्षं उलटलेल्यांत काहीच फरक नाही. अस्तर शाबूत असेल तर इस्ट्रोजेन त्याला जपतं, आत चरबीचे थर साचल्यावर उशिरा आलं तर उपयोग नाही, असा अर्थ लावतात. पण त्याच चाचणीत हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियममध्ये फरक दिसला नाही हेही सांगायला हवं.

त्यामुळे आज बहुतेक मार्गदर्शक सूचना काय म्हणतात? वाफांनी जीव नकोसा झाला असेल, वय साठच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असेल, मनाई नसेल, तर विचार करा. केवळ हृदयविकार टाळायला म्हणून घेऊ नका. गुठळीची भीती असेल तर तोंडावाटे घ्यायच्या गोळीपेक्षा त्वचेवरची चकती बरी. मावशीचा निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर चूक नव्हता.

तिरकस | गुरुवार, रात्री ९:४०

म्हणजे डॉक्टरांचंच ठरत नाही. त्यापेक्षा आपलं चालणं बरं.

नाडी_बघते | गुरुवार, रात्री ९:५५

यावेळी तुम्ही आणि मी एकाच बाकावर, तिरकस. चालणं बरंच!

आयुर्ऊर्जा_केंद्र | शुक्रवार, सकाळी ११:००

(जाहिरात असल्याने प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. — व्यवस्थापन)

गुलबक्षी | शुक्रवार, सकाळी ११:२०

वाचला होता मी. 'धमन्या आतून धुणारं' काहीतरी होतं.

पाऊलवाट | शुक्रवार, रात्री ८:१५

चालण्यावर मी बोलते. वय ५६, पाळी जाऊन पाच वर्षं. मी आधीपासून चालायचे, पण रानजाईसारखीच, गप्पा मारत. बीपी वाढल्यावर दोन बदल केले. एक, चालण्यात दम आणला: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका. दुसरं, आठवड्यातून दोनदा वजनं. सुरुवातीला पाण्याच्या बाटल्या, नंतर खरी. सहा महिन्यांत वरचा आकडा आठ-नऊनं उतरला. खालचा हट्टी आहे.

एक ऐकलं होतं ते विचारते. व्यायामानं अस्तर सुधारतं ते पुरुषांत, बायकांत पाळी गेल्यावर नाही?

नाडी_बघते | शनिवार, सकाळी ७:३०

पाऊलवाट, तू अगदी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंस. उतारवयातल्या पुरुषांत नियमित एरोबिक व्यायामानं अस्तराची रुंदावण्याची क्षमता बऱ्यापैकी हमखास सुधारते. पाळी गेलेल्या बायकांत निकाल संमिश्र आहेत. काही अभ्यासांत सुधारली, काहींत नाही, आणि एका छोट्या प्रयोगात व्यायामाबरोबर इस्ट्रोजेन असेल तेव्हाच सुधारणा दिसली. अस्तराला व्यायामाचा निरोप ऐकू यायलाही थोडं इस्ट्रोजेन लागत असावं, असा एक अंदाज आहे. म्हणून पाळी गेल्यानंतर लवकरात लवकर, खरं तर जायच्या आधीच सुरुवात करण्यावर सध्या भर आहे.

यातून "मग व्यायाम कशाला" असा अर्थ कुणी काढलात तर मी धागा सोडून जाईन. अस्तर हा एक भाग झाला. बीपी, साखर, पोटाची चरबी, स्नायू, झोप यांना व्यायामाचा फायदा बायकांतही तितकाच होतो. एका अभ्यासात बीपी थोडं वाढलेल्या, पाळी गेलेल्या बायकांनी रोज सुमारे ३ किलोमीटर जास्त चालायला सुरुवात केली. २४ आठवड्यांत त्यांचा वरचा आकडा सरासरी ११नं उतरला. अभ्यास छोटा होता, पण आकडा एखाद्या गोळीला लाजवील असा.

जागतिक आरोग्य संघटनेचं माप: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंचा. रानजाईची रोजची तीस मिनिटं म्हणजे २१०, मापात बसतात. फक्त तिचा दम लागतो का हा प्रश्न आहे.

रानजाई | शनिवार, सकाळी ८:००

नाही लागत. चालता चालता मी आख्खी मालिका फोनवर ऐकून टाकते.

खडूफळा | शनिवार, सकाळी ८:४०

भिंतीला पाठ लावून अदृश्य खुर्चीत बसायचा व्यायाम कुणी करतं का? माझी सून करते. २०२३मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा बीपी उतरवण्यात अशा 'न हलता ताण धरण्याच्या' व्यायामांचा नंबर पहिला लागला. सरासरी ८/४ इतका उतार. दोन-दोन मिनिटांचे चार फेरे, मधे विश्रांती, आठवड्यातून तीनदा, अशी साधारण पद्धत. मी पहिल्या दिवशी अठरा सेकंदांत खाली बसलो, ते जाऊ द्या.

नाडी_बघते | शनिवार, सकाळी ९:०५

श्वास रोखून धरायचा नाही, एवढं मोठ्या अक्षरात लिहा काका. श्वास रोखला की त्या क्षणी बीपी उलट उसळतं. आणि ज्यांचं बीपी आधीच खूप जास्त आहे त्यांनी विचारून.

सांजवेळ | शनिवार, दुपारी ३:३०

खाण्याचं कुणीच काही बोललं नाही. नाही तर अशा धाग्यावर पहिल्या तीन प्रतिसादांत पाककृती येते!

नाडी_बघते | शनिवार, रात्री ९:२०

खाण्यात नवीन सांगण्यासारखं कमी आहे म्हणून. भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, पूर्ण धान्यं जास्त. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांमधलंही धरायचं. ई जीवनसत्त्वासारख्या गोळ्यांनी मोठ्या चाचण्यांत हृदयविकार टळले नाहीत, ते पैसे वाचवा.

एक गंमत मात्र सांगते. पालेभाज्या आणि बीट यांत नायट्रेट असतं. आपल्या जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि शरीरात गेल्यावर त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. म्हणजे अस्तराचा कारखाना मंदावला तरी वायूसाठी हा मागचा दरवाजा उघडा आहे. बीटच्या रसानं बीपी थोडं उतरतं हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. आणि जंतुनाशक गुळण्या करून ते जिवाणू मारले तर हाच रस्ता बंद होतो. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर रोज त्या गुळण्या कशाला?

बीटनं लघवी गुलाबी होते, घाबरून मला निरोप पाठवू नका.

तंबाखूवर एकच वाक्य: धूम्रपानानं पाळी साधारण वर्ष-दोन वर्षं आधी जाते आणि हृदयविकाराचा धोका बाईला पुरुषापेक्षाही जास्त वाढतो.

मोरपीस | रविवार, सकाळी १०:००

बाळंतपणात बीपी वाढलं होतं माझं, फिट येईल म्हणून लवकर प्रसूती केली. २१ वर्षं झाली. त्याचा आता काही संबंध?

नाडी_बघते | रविवार, सकाळी १०:४०

आहे, आणि कुणी विचारत नाही म्हणून तूच सांगायचं. गर्भारपणात असं बीपी वाढलेल्या बायकांत पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. गर्भारपणातली साखर, पीसीओएस (अंडाशयांचा हार्मोनचा विकार), वेळेआधी प्रसूती, हेही कागदावर लिहून न्यायचं. एकवीस वर्षांपूर्वी तुझ्या धमन्यांनी एक परीक्षा दिली होती, तिचा निकाल फाइलीत पडून आहे.

आणि सगळ्यांसाठी: छातीत दाब, जबडा-पाठ-खांदा दुखणं, अचानक दम लागणं, मळमळ, कारण नसताना थंड घाम, असं काही झालं तर "वाफ आली असेल" म्हणून पडून राहायचं नाही. वाफ काही मिनिटांत ओसरते आणि चेहरा लाल होतो. ही लक्षणं असतील तर तडक इमर्जन्सी.

कोपऱ्यातला | रविवार, रात्री ९:१५

मशीन आणलं बीपीचं. हिचं १२४/७८. माझं १५२/९४. आता घरात माझ्यावर पहारा आहे.

नाडी_बघते | रविवार, रात्री ९:३०

दोन्ही आकडे एकदाच मोजलेले, लगेच निष्कर्ष नको. पाच मिनिटं गप्प बसून, पाठीला टेकून, पाय न दुमडता, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजा. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको, लघवीला जाऊन या. पट्टा दंडाच्या मापाचा हवा; लहान पट्टा जाड दंडाला लावला तर आकडा खोटाच वाढतो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर, आणि पहिला दिवस सोडून सरासरी. घरी १३५/८५ किंवा त्याच्या वर राहिलं तर डॉक्टरांकडे. तुम्ही नक्की जा, साहेब.

रानजाई | तीन महिन्यांनी, शुक्रवार, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. वही बोलते:

घरचं सरासरी बीपी १२६/८०. चालण्यात दम आणला, मालिका सुटली. आठवड्यातून दोनदा वजनं, तीनदा भिंत. कमरेचा घेर दोन सेंटिमीटर कमी. वजन आहे तिथेच.

एलडीएल १३०. म्हणजे जवळपास हललंच नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. यावेळी वेगळ्या डॉक्टरांकडे गेले, वही समोर ठेवली, शेवटच्या पाळीची तारीख आपणहून सांगितली. त्यांनी वीस मिनिटं दिली. लायपोप्रोटीन-ए करायला सांगितलंय, आईला साठीत अटॅक आला होता तेही लिहून घेतलं. गोळी लागेल की नाही ते निकाल आल्यावर ठरवू म्हणाल्या. आधी मला गोळी म्हणजे हार वाटायची. आता तितकं वाटत नाही.

अर्धाकप | शुक्रवार, रात्री १०:३०

माझी चकती सुरू झाली, दोन महिने झाले. झोपते आहे. बाकी सविस्तर नंतर.

कोपऱ्यातला | शुक्रवार, रात्री १०:४५

माझी गोळी सुरू झाली. पंखा तिच्या हातात आहे.

खडूफळा | शनिवार, सकाळी ७:००

रानजाई, भिंत किती सेकंद?

रानजाई | शनिवार, सकाळी ७:२०

एक मिनिट चाळीस. शेवटच्या वीस सेकंदांत नवऱ्यानं माझ्याशी बोलायचं नाही असा नियम आहे, कारण मी त्याच्यावर ओरडते. तुमचं?

खडूफळा | शनिवार, सकाळी ७:२५

एकोणीस.